सुपलीतला केर

दिवाळी आठ दिवसांवर आली की घराघरांत एकच धांदल उडते. माळ्यावरची भांडी खाली येतात, कपाटे भिंतीपासून पुढे सरकतात, वर्षभर कुणाच्या दृष्टीस न पडलेले कोपरे उजेडात येतात, आणि घरातल्या पुरुषमंडळींना एकाएकी बाहेरची फार महत्त्वाची कामे आठवू लागतात. मीही त्या मंडळींपैकीच एक होतो. परंतु २०२२ सालापासून या दिवसांत मी घराबाहेर पळ काढीत नाही. उलट एक विजेरी, एक पेचकस आणि एक भिंग एवढा सरंजाम घेऊन मी स्वतःच कोपऱ्याकोपऱ्यांतून डोके घालीत हिंडतो. आमच्या सौभाग्यवतींना प्रथम याचे नवल वाटले, मग अंमळ संशय आला, आणि आता सवय झाली आहे. हे वळण मला लावले आमच्या काकूंनी. त्या मला रागाने एक शब्दही बोलल्या नाहीत. त्यांनी फक्त आपल्या सुपलीतला केर माझ्यापुढे ठेवला.

वाचकांना वाटेल, केराची कसली आली आहे गोष्ट! मलाही तसेच वाटत होते. म्हणून तर ही हकिगत सांगायची.

आमचे मूळ घर दापोली तालुक्यातले. पुढे पडवी, मग ओटी, मग माजघर, चिऱ्याच्या भिंती आणि मंगळुरी कौले, अशी कोकणातल्या शंभर घरांसारखी त्याची ठेवण. आजोबांनी घर बांधले तेव्हा सिमेंट गावात पोचायचे होते, म्हणून चिरे मातीत रचलेले. ओटीवर आडवी सागवानी तुळई, आणि तिला लोखंडी कड्यांनी टांगलेला लांबरुंद झोपाळा. आमच्या घराण्यातली चार पिढ्यांची मुले त्या झोपाळ्यावर निजली, भांडली आणि पाढे शिकली.

काका वारल्यापासून काकू त्या घरात एकट्या राहतात. ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या वर्षी त्यांना सत्त्याहत्तरावे लागले होते. त्यांचा मुलगा परदेशी, मी डोंबिवलीला. "आमच्याकडे या" असा आग्रह आम्ही दोघांनीही करून पाहिला. काकूंचे उत्तर ठरलेले, "येईन रे, पण मग देवापुढे दिवा कोण लावील?"

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ कोकणावर आले. आमच्या घराची ओटीवरची कौले पत्त्यांसारखी उडाली. टाळेबंदीचे दिवस, मुंबईहून कुणाला हलता येईना. शेजारच्या मुलांनी मिळतील तेथून कौले गोळा करून छप्पर झाकले. आम्ही पैसे पाठवले आणि आपले कर्तव्य पार पडले असे मानून स्वस्थ बसलो.

त्यानंतर वर्षभराने काकूंच्या फोनवरच्या बोलण्यात एक नवाच विषय डोकावू लागला.

"अरे, ओटीवर माती पडते रे."

"जुने घर आहे काकू. पडायचीच."

"वरून पडते. रोज झाडते, रोज पडते."

"चिऱ्याच्या घरात माती नाही तर काय सोने पडणार?" मी म्हटले, आणि आपल्या विनोदावर आपणच हसलो.

पुढच्या वेळी त्या म्हणाल्या, माजघरातल्या कपाटाखाली खसखस सांडलेली सापडते. कपाटात तर जुनी लुगडी आणि काकांची पुस्तके! तिथे खसखस कुठली? फोन ठेवल्यावर मी सौ.ला म्हणालो, "काकूंना आता केरात खसखस दिसू लागली. त्यांना फार दिवस एकटे ठेवणे बरे नव्हे." हे वाक्य मी आज शरमेने लिहीत आहे. चुलतभावाला मी तसे कळवलेसुद्धा. दोघांनी मिळून ठरवले की, या गणपतीला जाऊ तेव्हा काकूंना घेऊनच परत यायचे आणि घराला कुलूप घालायचे. घर सांगत होते, काकू ऐकत होत्या, आणि आम्ही शहाणे लोक काकूंच्याच प्रकृतीची काळजी वाहत होतो!

पितळी डब्यातल्या पुड्या

२०२२ साली गणेशचतुर्थी ३१ ऑगस्टला होती. आम्ही सहकुटुंब आदल्या दिवशी पोचलो. मुलांनी दप्तरासारख्या पिशव्या टाकल्या आणि थेट झोपाळा गाठला. एकदम सहा जण चढले.

"दोघेच बसा रे," काकू माजघरातून ओरडल्या.

"बसू द्या हो काकू," मी म्हणालो. "सागवानी तुळई आहे. हत्ती बांधला तरी हलायची नाही."

काकू काही बोलल्या नाहीत. त्या स्वतः मात्र झोपाळ्याकडे फिरकल्या नाहीत. गुडघे दुखत असतील, अशी मी आपली समजूत करून घेतली.

दुसऱ्या दिवशी आरती झाली, आणि दर्शनाला येणाऱ्या मंडळींबरोबर आमच्या शेजाऱ्यांचे एक पाहुणे आले. कीटकशास्त्र शिकवण्यात उभा जन्म घालवून निवृत्त झालेले गृहस्थ. सारे त्यांना 'सर' म्हणत. दापोली हे कृषी विद्यापीठाचे गाव असल्याने तिथे अशी माणसे भेटावीत यात नवल नाही. नवल हे की काकूंना त्यांचा हा व्यवसाय ठाऊक होता आणि त्या त्यांचीच वाट पाहत होत्या. खिरापतीची वाटी सरांच्या हाती देऊन त्या आत गेल्या आणि पितळी डबा घेऊन आल्या. डब्यात कॅलेंडरच्या पानांच्या पुड्या होत्या. प्रत्येकीवर पेन्सिलीने तारीख आणि जागा लिहिलेली: 'ओटी, झोपाळा, डावे अंग.' 'माजघर, कपाट.' 'नवा पलंग.' 'देवघराची खिडकी.'

"हा माझ्या सुपलीतला केर," काकू म्हणाल्या. "हे म्हणतात, म्हातारीला भास होतात. तुम्ही जाणते आहात. भास असेल तर तसे सांगा."

माझी मान खाली गेली. मी ते बोललो होतो डोंबिवलीच्या घरात; पण अशा गोष्टी कशा कोण जाणे, जिथे पोचू नयेत तिथे बरोबर पोचतात.

केराचे वाचन

सरांनी चष्मा पुसला, खिशातले भिंग काढले आणि पाटावर पांढरा कागद पसरून पहिली पुडी उघडली. तांबूस मातीचे बारीक खडे. त्यातला एक पातळ तुकडा त्यांनी कागदावर उपडा केला. आतून तो पन्हळीसारखा गोल आणि गुळगुळीत होता.

"ही भिंतीची माती नव्हे," ते म्हणाले. "ही कुणीतरी कणाकणाने लिंपलेली आहे. ही नेमकी कुठे पडते?"

"भिंतीकडच्या कडीखाली," काकू म्हणाल्या. "झोपाळा जोरात चालला की जास्त पडते."

सरांनी मान वर करून तुळईकडे पाहिले. मग झोपाळ्यावरच्या मुलांना ते अगदी सहज म्हणाले, "अरे, आत मोदक वाटताहेत, ठाऊक आहे ना?" सहाही जणांनी खाली उड्या घेतल्या. मुले आत पळाल्यावर सरांनी माझ्याकडे वळून हलक्या आवाजात सांगितले, "कुणालाही परत चढू देऊ नका. मेस्त्रींना बोलावणे पाठवा."

मेस्त्री येईपर्यंत सरांनी बाकीच्या पुड्या वाचल्या. वाचल्या हाच शब्द बरोबर आहे. भविष्य सांगणारा हात वाचतो तसा तो गृहस्थ केर वाचत होता. फरक इतकाच की याचे सांगणे पडताळून पाहता येत होते.

दुसरी पुडी खसखशीची. भिंगाखाली मी डोळा लावला आणि थक्क झालो. दाणा न् दाणा एका मापाचा, लांबट, आणि त्याला सहा बाजू! जणू कुणी साच्यातून काढलेला. "ही कोरड्या लाकडात राहणाऱ्या वाळवीची विष्ठा," सर म्हणाले. "हिला जमीन लागत नाही, ओल लागत नाही, मातीची वाट लागत नाही. लाकडाच्या पोटातच सारा संसार. घर स्वच्छ ठेवायचे म्हणून बारीक भोकातून ही खसखस तेवढी बाहेर लोटतात. किनाऱ्याकडच्या गावांत ही पुष्कळदा आढळते. काकू, तुम्हाला भास होत नाहीत. तुमची नजर माझ्या विद्यार्थ्यांहून चांगली आहे."

तिसरी पुडी 'नवा पलंग'. यात खडे नाहीत, दाणे नाहीत. चिमटीत धरले तर मैद्यासारखे मऊ पीठ. हा पलंग काकूंच्या पंचाहत्तरीला मीच मोठ्या कौतुकाने मुंबईहून पाठवला होता. "हा भुंगेऱ्याचा उद्योग," सर म्हणाले. "मादी लाकडाच्या रंध्रांत अंडी घालते. अळ्या आतल्या आत लाकूड खाऊन त्याचे पीठ करतात, आणि त्यांचे भुंगेरे झाले की टाचणीच्या डोक्याएवढे गोल भोक पाडून उडून जातात. आपल्याला भोक दिसते तेव्हा पाहुणा जेवून गेलेला असतो. याला लाकडातली पिठूळ सत्त्वे हवीत. म्हणून सागाच्या गाभ्याला तो तोंड लावत नाही. बांबू, रबराच्या झाडाचे लाकूड, झाडाच्या सालीलगतचे पांढरे लाकूड, हे त्याचे पक्वान्न." पलंग रबराच्या लाकडाचा होता. आमच्या प्रेमाच्या भेटीतून भुंगेरा काकूंच्या घरी पोचला होता!

बांबू तोडल्यावर जुनी माणसे तो काही आठवडे पाण्यात बुडवून का ठेवीत, हेही तेव्हा मला कळले. पाण्यात ती सत्त्वे निघून जातात आणि भुंगेऱ्याला खाण्यासारखे फारसे उरत नाही.

चौथ्या पुडीत नुसते पंख. जूनमधल्या पहिल्या पावसानंतरच्या संध्याकाळी देवघराच्या खिडकीत काकूंना ते पसाभर मिळाले होते. पावसाच्या पहिल्या सरींनंतर वाळवीचे पंखवाले नर आणि माद्या वारुळातून बाहेर पडतात, दिव्याभोवती घिरट्या घालतात, आणि जमिनीवर उतरले की पंख टाकून जोडीने नवे घर शोधू लागतात. दिव्यावर बाहेरून आलेले किडे कुठल्याही घरात दिसतात. त्याने घाबरून जायचे कारण नाही. पण बंद खिडकीच्या आतल्या अंगाला पंखांचा खच पडला असेल, तर वऱ्हाड बाहेरून आलेले नसून आपल्याच घरातून निघाले आहे असे समजावे. मुंग्यांनाही पंख फुटतात, म्हणून फरक ध्यानात ठेवावा. वाळवीचे चारही पंख एका लांबीचे, कंबर सरळ, आणि मिशा मण्यांच्या माळेसारख्या. मुंगीचे पुढचे पंख मोठे, मागचे लहान, कंबर बारीक आणि मिशा कोपरासारख्या मोडलेल्या. खरे तर वाळवीचे मुंगीशी नातेच नाही. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममधल्या संशोधकांनी २००७ साली दाखवून दिले की, वाळवी म्हणजे समाज करून राहणारे झुरळच. मुंग्या तर वाळवीचे हाडवैरी.

पाठीमागे कुणी पाहिले नाही

मेस्त्री आले. काकूंना नमस्कार करून ते शिडीवर चढले आणि हातोडीच्या दांड्याने तुळई ठोकीत चालले. मधोमध आवाज टणक आला. भिंतीकडे सरकले तसा आवाज बदलला; रिकाम्या खोक्यावर थाप मारावी तसा पोकळ झाला. कान लाकडाला लावून ते क्षणभर थांबले आणि मला वर बोलावले. मीही कान लावला. आतून सुकी पाने हलावीत तशी बारीक खुडखुड येत होती. धक्का बसला की वाळवीचे शिपाई लाकडावर डोकी आपटून बाकीच्यांना इशारा देतात, तो हा आवाज.

मेस्त्रींनी पेचकसाचे टोक तुळईला टेकवून नुसते दाबले. पेचकस मुठीपर्यंत आत गेला.

ते काहीच बोलले नाहीत. पेचकस तसाच ठेवून खाली उतरले आणि पहिल्याने झोपाळ्याच्या कड्या काढल्या. मग तुळईखाली टेकू उभा केला. मग म्हणाले, "काल किती मुले होती हो वर?" मला उत्तर देता आले नाही.

तुळईचे टोक ज्या भिंतीत होते तिथे आजोबांची मोठी तसबीर होती. ती उतरवली, तेव्हा मागे भिंतीवर मातीच्या रेघांचे झाड उमटलेले दिसले. शिसपेन्सिलीएवढ्या जाड नळ्या खालून वर चढत, फाटे फोडीत, तुळईच्या भोकात शिरल्या होत्या. दर गणपतीला त्या तसबिरीला आम्ही हार घालत होतो. आजोबांच्या चेहऱ्याकडे पाहत होतो. आजोबांच्या पाठीमागे कुणी पाहिले नव्हते.

पुढचा उलगडा सरांनी केला. वाळवीचे मूळ घर जमिनीत. उजेड आणि कोरडी हवा तिला सोसत नाही. म्हणून अन्नाकडे जाताना ती मातीचे भुयार बांधीत जाते. मातीत रचलेली भिंत म्हणजे तिला आयता जिना. निसर्ग वादळानंतर कौले धड बसली नव्हती. दोन पावसाळे त्या टोकाशी पाणी झिरपत राहिले, आणि ओले लाकूड हे तिला दिलेले निमंत्रणच. "पण साग?" मी विचारले. सागाला वाळवी लागत नाही, असे आम्ही लहानपणापासून ऐकलेले. सर म्हणाले, "गाभ्याला सहसा लागत नाही. पण तुमच्या तुळईच्या कडेला पांढरे लाकूड राहिलेले आहे. तिथून सुरुवात झाली आणि ओलीने पुढची वाट करून दिली. गाभा चिवट होता म्हणून तुळई अजून जागेवर आहे."

वाळवी लाकूड आतून, रेषेच्या दिशेने खाते आणि वरचा पापुद्रा शाबूत ठेवते. म्हणून रंग दिलेली चौकट बाहेरून नवरीसारखी दिसते आणि आतून मातीने भरलेली असते. आमच्याकडची जात वारूळ करणारी. वारूळ सापाचे म्हणून आपण नागपंचमीला पूजतो, पण ते बांधते वाळवी. साप नंतर येऊन राहतो. वारुळात ती एक प्रकारची बुरशी जोपासते, चावलेले लाकूड त्या बुरशीकडून मऊ करून घेते, आणि पावसाळ्यात त्याच बुरशीची छत्री जमिनीवर येते. तीच आपली रानातली अळंबी.

हे ऐकून काकू पहिल्यांदा हसल्या. "म्हणजे श्रावणात मी ज्यांच्या अळंब्यांची भाजी केली, त्यांनी माझी तुळई खाल्ली! फिटंफाट झाली म्हणायची."

आपापल्या घरात काय पाहावे

त्या दोन दिवसांत सरांपासून आणि मेस्त्रींपासून जे शिकलो ते इथे मांडतो. दिवाळीच्या साफसफाईत कपाटे हललेलीच असतात. तेव्हाच हे पाहून घ्यावे. मात्र रंग देण्याच्या आधी. रंगाऱ्याने लांबी भरून रंग फासला की सारा पुरावा झाकला जातो.

भिंत आणि जमीन जिथे मिळतात तिथे, तसबिरींच्या आणि कपाटांच्या मागे, जिन्याखाली आणि विजेच्या तारांच्या नळ्यांजवळ मातीच्या रेघा शोधाव्यात. रेघ दिसली की बोटभर तुकडा मोडून चारआठ दिवसांनी पाहावे. पुन्हा लिंपलेला दिसला तर वस्ती जागी आहे. लिंपला नाही म्हणून मात्र निश्चिंत होऊ नये. कदाचित तिने दुसरी वाट धरली असेल. भिंतीवर चिकटलेला मातीचा गोळा दिसला तर तो बहुधा कुंभारीण माशीचे घरटे असतो. तिचा लाकडाशी संबंध नाही. भिंतीचा पोपडा सुटून पांढरी भुकटी पडत असेल तर तो लोणा. तो कीटकाचा नव्हे, पण ओलीचा निरोप आहे, आणि जिथे ओल तिथे पुढे वाळवी येऊ शकते.

दाराच्या चौकटी खालपासून वीतभर उंचीपर्यंत ठोकून पाहाव्यात. न्हाणीघराची चौकट आणि ओट्याखालचे कपाट विशेषेकरून. दार एकाएकी घट्ट बसू लागले तर "पावसाने फुगले" एवढ्यावर सोडू नये. रंगाला फोड आला असेल तर नखाने दाबावा. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनीही हसू नये. नळांच्या आणि तारांच्या वाटेने वाळवी तिथेही चढते, आणि भिंतीला चिकटून बसवलेल्या कपाटांच्या पाठी हे तिचे आवडते ठिकाण.

वाशाला किंवा बांबूला बोट जाईल एवढे वाटोळे भोक दिसले आणि भोवती काळा निळसर भुंगा गुणगुणत असला, तर तो लाकूड खात नाही, फक्त घर करतो. कोरडे लाकूड पोखरणारा पण कमळात अडकणारा म्हणून ज्ञानेश्वरीत ज्याचा दृष्टान्त आहे, तो हाच असावा असे मला आपले वाटते. एखाददुसरे भोक असेल तर काळजी नको. दरसाल वाढू लागली तर बुजवावीत.

आणि केर! माती असेल तर जमिनीतली वाळवी, खसखस असेल तर कोरड्या लाकडातली, मैदा असेल तर भुंगेरा. एवढे तीन शब्द ध्यानात ठेवले तरी पुष्कळ झाले. केर कुठला हे कळल्याशिवाय औषध मारू नये, कारण तिघांचा उपाय निराळा.

आमच्या पलंगाच्या उघड्या लाकडाला मेस्त्रींनी टाकणखार घातलेले औषध पाजले आणि जुन्या भोकांवर खडूच्या खुणा केल्या, म्हणजे नवे भोक पडले तर ओळखू यावे. कपाटाच्या पाठीच्या फळ्या काढून न्हाणीघराच्या चुलीत घातल्या. तुळईसाठी मात्र आधी छप्पर दुरुस्त केले. ओल बंद केल्याविना औषध म्हणजे गळक्या हंड्यात पाणी. मग जाणत्या माणसांकडून भिंतीलगत फुटाफुटावर भोके पाडून जमिनीत औषध सोडले. उभ्या घरांना हे काम कसे करावे याचे भारतीय मानकही आहे, आयएस ६३१३, भाग तिसरा. काम देताना त्याप्रमाणे करणार का, हे जरूर विचारावे. घराशेजारी विहीर असली तर ते पहिल्यानेच सांगावे. आमची विहीर पडवीपासून फार लांब नाही, म्हणून त्या बाजूला औषध न घालता भिंतीच्या पायाशी उघडी जागा राखून नजर ठेवायचे ठरले. कपाटात कुणाच्या आजोबांच्या वेळचा आल्ड्रिन, क्लोर्डेन किंवा हेप्टाक्लोरचा डबा पडून असेल तर तो वापरू नये; ही औषधे आपल्या देशात आता बंद केलेली आहेत. रॉकेल फासल्याने दिसणारी वाळवी मरते, जमिनीतली राणी सुखरूप राहते, आणि ती दिवसाला हजारो अंडी घालू शकते. पडवीच्या भिंतीला टेकवून रचलेला लाकूडफाटा आणि नारळाची सोडणे आम्ही परसात दूर नेली, तीही दगडांवर.

केराची बातमी

विसर्जनानंतर काकूंना घेऊन निघायचे, असे आमचे ठरलेले होते. तो विषय कुणी काढलाच नाही. काढणार कोणत्या तोंडाने? ज्या बाईला घराचा एकेक कण ओळखता येतो, तिला घर सांभाळता येत नाही असे म्हणायचे, आणि तेही कुणी, तर वर्षातून पाच दिवस येऊन "हत्ती बांधला तरी हलायची नाही" म्हणणाऱ्याने! निघण्याच्या आदल्या रात्री मी काकूंच्या पाया पडलो आणि म्हणालो, "चुकलो मी."

काकू म्हणाल्या, "चुकलास ते खरे. पण तुझा तरी काय दोष? केर काढतो तो खाली बघतो. तुम्ही लोक वर बघून चालता."

त्यावर मी आजवर पुष्कळ विचार केला आहे. घरातल्या घरात पहिली बातमी मिळते ती झाडणाऱ्या हाताला. चूल कुठे धुरते, नळ कुठे ठिबकतो, दार कुठे अडते, पीठ कुठून पडते, हे सारे त्या हाताला ठाऊक असते. पण ती बातमी आपण बातमी मानीत नाही, कुरकूर मानतो. वाळवीला खरी मदत ओलीची नाही, अंधाराची नाही; आपल्या या "असेल काहीतरी" म्हणण्याची आहे. आमच्या घरात वाळवीने लाकूड पोखरले ते दोन वर्षांत. काकूंच्या शब्दावरचा विश्वास त्याच्याही आधी पोखरला गेला होता, आणि तो आम्ही पोखरला होता.

जुन्या तुळईच्या जागी मेस्त्रींनी नवी घातली. सारी गाभ्याच्या लाकडाची, पांढरा भाग तासून टाकलेली, आणि भिंतीतल्या टोकाभोवती हवा खेळेल एवढी फट ठेवलेली. आजोबांची तसबीर आता दोन लाकडी गोट्यांवर भिंतीपासून चार बोटे पुढे टांगली आहे. हार घालताना मागे डोकावण्याचा रिवाज मुलांनीच पाडला. २०२३ सालच्या दिवाळीत, पाडव्याच्या दिवशी, झोपाळा पुन्हा चढला. पहिल्यांदा काकू बसल्या. आम्ही सारे उभे राहून तुळईकडे पाहत होतो. काकू मात्र खाली, सारवलेल्या जमिनीकडे पाहत होत्या.

आता दर रविवारी मी फोन करतो. पूर्वी प्रकृतीची चौकशी आधी असे; आता पहिला प्रश्न दुसराच असतो.

"काकू, आज सुपलीत काय?"

पलीकडे क्षणभर शांतता. त्या खरोखरच जाऊन पाहून येतात. मग उत्तर येते, "केर आहे रे. नुसता केर."